नुकत्याच पाहिलेल्या चित्रपटावर मत कसे नोंदवावे आणि गुण कसे द्यावेत

चित्रपट संपला की बहुतेक प्रेक्षकांच्या तोंडी आधी आकडा येतो. पाचपैकी साडेतीन, दहापैकी सात असे काहीतरी ठरते आणि मग त्या आकड्याला शोभतील अशी चार वाक्ये जुळवली जातात. मत नोंदवायला नव्याने सुरुवात करणाऱ्याने हा क्रम उलटा करावा, अशी या लेखाची मुख्य शिफारस आहे. काय पाहिले ते आधी आठवावे, ते तसे का वाटले याचा शोध घ्यावा, मग लिहावे आणि गुण सर्वांत शेवटी द्यावेत. सामान्य प्रेक्षकाचे मत वाचणारा मुख्यतः दोन कारणांसाठी ते वाचतो. एक तर हा चित्रपट पाहावा की नाही हे त्याला ठरवायचे असते, किंवा चित्रपट पाहून झालेला असतो आणि दुसऱ्याला तो कसा दिसला याचे कुतूहल असते. या दोन्ही गरजा नुसत्या आकड्याने भागत नाहीत.

पहिली पायरी: कोणत्या परिस्थितीत पाहिला याची नोंद

चित्रपट मोठ्या पडद्यावर पाहिला की फोनवर, मूळ भाषेत पाहिला की डब केलेला, सबटायटल होते की नव्हते, एका बैठकीत पाहिला की तीन तुकड्यांत, या गोष्टी मतावर थेट परिणाम करतात. डब केलेली आवृत्ती पाहून ‘संवादफेक कृत्रिम आहे’ असे लिहिणारा प्रेक्षक बहुधा डबिंग कलाकाराविषयी बोलत असतो आणि दोष मात्र मूळ नटाच्या माथी मारतो. अंधारात चित्रित केलेले प्रसंग दिवसाउजेडी छोट्या पडद्यावर पाहिले तर ‘काही दिसतच नाही’ ही तक्रार छायाचित्रणाची राहत नाही. काही चित्रपटांच्या एकाहून अधिक आवृत्त्या उपलब्ध असतात. दिग्दर्शकाने नंतर पुन्हा संकलित केलेली आवृत्ती प्रदर्शित आवृत्तीपेक्षा कमीअधिक लांबीची आणि कधी वेगळ्या शेवटाची असू शकते. त्यामुळे आपण कोणती आवृत्ती पाहिली हे एका वाक्यात सांगून टाकावे.

पाहताना टिपणे काढण्याचा मोह नवोदिताने टाळावा. टिपण लिहिताना नजर खाली जाते आणि नेमका तेवढ्यात एखादा मूक प्रसंग निसटतो. इतरांची मते आणि सरासरी गुणही आधी वाचू नयेत. ८.९ हा आकडा डोक्यात ठेवून बसलेला प्रेक्षक चित्रपटाशी कमी आणि त्या आकड्याशी जास्त झगडत असतो.

दुसरी पायरी: लगेच आठवणी, थोड्या वेळाने मत

चित्रपट संपल्यावर तासाभरात पाच-सहा ओळींचे कच्चे टिपण करावे. त्यात ‘छान’, ‘वाईट’ असे शेरे नकोत, फक्त आठवणी हव्यात: कोणता प्रसंग डोळ्यांसमोर आहे, कुठे हसू आले, कुठे घड्याळ पाहिले, कोणत्या पात्राचे नावही आता आठवत नाही. घड्याळ पाहिल्याची नोंद विशेष उपयोगी ठरते, कारण कंटाळा नेमका कुठे सुरू झाला हे दुसऱ्या दिवशी सांगता येत नाही.

गुण मात्र त्याच वेळी देऊ नयेत. मानवी स्मृती अनुभवाची प्रामाणिक सरासरी काढत नाही. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात लोकांना एकदा अतिशय थंड पाण्यात मिनिटभर हात धरायला लावले आणि दुसऱ्यांदा तितकाच वेळ धरून वर अर्धा मिनिट किंचित कमी थंड पाण्यात ठेवायला लावले. पुन्हा करायचे झाल्यास कोणते निवडाल, असे विचारल्यावर बहुतेकांनी लांबलेला त्रास निवडला, कारण त्याचा शेवट थोडा सुसह्य होता. अनुभवाचा सर्वांत तीव्र क्षण आणि त्याचा शेवट यांचे वजन स्मृतीत अवाजवी असते, असा त्यातून पुढे आलेला विचार चित्रपटाला चपखल लागू पडतो. शेवटच्या वीस मिनिटांत डोळ्यांत पाणी आणणारा चित्रपट त्याआधीचा दीड तास कसा होता हे विसरायला लावतो. आणि फसलेला शेवट उत्तम पूर्वार्धावर बोळा फिरवतो. म्हणून एक रात्र जाऊ द्यावी आणि दुसऱ्या दिवशी टिपण समोर ठेवून मधल्या भागाविषयी मुद्दाम विचार करावा. शेवटाला महत्त्व देणे गैर नाही, परंतु ते जाणीवपूर्वक दिलेले असावे.

तिसरी पायरी: भावनेपासून कारणापर्यंत

सगळी मेहनत याच पायरीवर आहे, आणि नवोदितांचे बहुतेक लेखन इथेच अडते. ‘कथा चांगली, अभिनय उत्तम, संगीत ठीक, छायाचित्रण नेत्रसुखद’ अशी हजेरीपटासारखी यादी करणे हा सर्वांत सोपा मार्ग आहे, आणि ती यादी नाव बदलून दुसऱ्या कोणत्याही चित्रपटाला लावता येते हीच तिची अडचण आहे. स्वतःचे वाक्य तपासण्याची एक सोपी कसोटी यातूनच मिळते. चित्रपटाचे नाव झाकून वाक्य वाचावे. ते इतर पन्नास चित्रपटांना तसेच्या तसे लागू पडत असेल तर ते काढून टाकावे किंवा त्यात एक तपशील घालावा.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. वडिलांच्या मृत्यूनंतर घर विकण्यासाठी अनेक वर्षांनी एकत्र आलेल्या भावाबहिणीची कथा आहे असे समजा. पहिल्या खर्ड्यात प्रेक्षक लिहितो: ‘चित्रपट भावस्पर्शी आहे, पण थोडा संथ वाटतो. कलाकारांनी जीव ओतून काम केले आहे.’ यातले एकही विधान खोटे नाही आणि एकही उपयोगाचे नाही. आता स्वतःला विचारावे की भावस्पर्शी नेमके कुठे वाटले आणि संथ कशामुळे. टिपण चाळल्यावर दिसते की बहीण वडिलांच्या कपाटातील कपडे काढून घड्या घालते तो प्रसंग आठवतो, आणि घड्याळ पाहिले ते घराचे गिऱ्हाईक तिसऱ्यांदा येऊन गेले तेव्हा. मग दुसरा खर्डा असा होतो: ‘भावाबहिणीतील दुरावा संवादांपेक्षा कृतींतून दाखवला आहे, कपाट आवरण्याच्या प्रसंगात दोघे एकही शब्द बोलत नाहीत, तरी कोण कोणावर रागावले आहे हे कळते. मात्र घर पाहायला येणाऱ्या गिऱ्हाइकांचे प्रसंग तेच ते सांगत राहतात आणि उत्तरार्धाचा वेग तिथे मंदावतो.’ संथपणाची तक्रार आता अस्पष्ट राहिलेली नाही. ज्याला शांत चित्रपट आवडतात त्याला हे वाचून चित्रपट पाहावासा वाटेल, आणि ज्याला नाही त्यालाही आपला निर्णय घेता येईल.

श्रेय आणि दोष योग्य जागी पोहोचवणे हा याच पायरीचा दुसरा भाग आहे. ‘संथ’ हा शब्द पटकथेतील पुनरावृत्तीबद्दल असू शकतो, संकलनात लांबलेल्या दृश्यांबद्दल असू शकतो किंवा प्रेक्षक त्या दिवशी थकलेला होता याबद्दलही असू शकतो. संवाद ऐकू आले नाहीत तर ध्वनिसंयोजनाला दोष देण्यापूर्वी आपल्याच उपकरणाचा आवाज तपासावा. एखाद्या पात्राचे वागणे पटले नाही तर तो बहुधा लेखनाचा प्रश्न असतो. नट कितीही चांगला असला तरी ज्या निर्णयाला कथेत कारणच दिलेले नाही तो निर्णय त्याला पटवून देता येत नाही. याच्या उलट, सुंदर निसर्गदृश्ये दिसली की छायाचित्रणाचे कौतुक करण्याची सवयही तपासून पाहावी. डोंगर आणि समुद्र मुळातच देखणे असतात. छायाचित्रकाराचे कौशल्य एखाद्या अरुंद खोलीत दोन माणसे बोलत असताना प्रकाश आणि चौकट कशी वापरली यात अधिक दिसते. नेमके कोणाचे काम आहे हे ठरवता येत नसेल तर तांत्रिक संज्ञा वापरण्याचा अट्टहास धरू नये. ‘या ठिकाणी माझे लक्ष उडाले’ हे साधे वाक्य चुकीच्या ठिकाणी वापरलेल्या भारदस्त संज्ञेपेक्षा केव्हाही चांगले.

‘पैसा वसूल’, ‘एकदा पाहण्याजोगा’, ‘डोके बाजूला ठेवून पाहा’ ही तीन वाक्ये नवोदिताने काही काळ स्वतःला वर्ज्य करावीत, असे माझे मत आहे. ती चुकीची नाहीत, पण ती सुचली की विचार थांबतो.

चौथी पायरी: रहस्यभेद टाळणे

कथेतील कलाटणी उघड करू नये हे सर्वांना ठाऊक असते. कलाटणी आहे असे सांगणे हाही अर्धा रहस्यभेदच असतो, याकडे मात्र दुर्लक्ष होते. ‘शेवटी असा धक्का बसतो की विचारू नका’ हे वाचलेला प्रेक्षक पहिल्या मिनिटापासून संशयाने पाहू लागतो. कोणते पात्र मरते हे न सांगता ‘अमुक कलाकाराला पूर्वार्धातच छान वाव आहे’ असे लिहिणे हाही तोच प्रकार. साधारण नियम म्हणून चित्रपटाच्या पहिल्या पाव भागातील घटना आणि ट्रेलरमध्ये दाखवलेले प्रसंग यांपलीकडे तपशील देऊ नये. ट्रेलरनेच सगळे सांगून टाकले असेल तर, आणि असे पुष्कळदा होते, पाव भागाचाच निकष पाळावा. शेवटाविषयी लिहिल्याशिवाय मत पूर्ण होत नसेल तर तो भाग वेगळा करून त्याच्या आधी स्पष्ट सूचना द्यावी.

पाचवी पायरी: गुण

चित्रपटांना तारे देण्याची पद्धत वृत्तपत्रांतून आली. ‘न्यूयॉर्क डेली न्यूज’मध्ये आयरीन थायरर यांनी १९२८ मध्ये शून्य ते तीन ताऱ्यांची श्रेणी वापरली; तीन म्हणजे उत्कृष्ट, दोन म्हणजे चांगला, एक म्हणजे जेमतेम आणि एकही तारा नसणे म्हणजे वाईट, असा अर्थ त्यांनी वाचकांना सांगून ठेवला होता. आजच्या श्रेणी अधिक बारीक झाल्या आहेत, पण प्रत्येक ताऱ्याचा अर्थ आधी ठरवून ठेवण्याची ही शिस्त मात्र मागे पडली आहे. नवोदिताने ती पुन्हा उचलावी.

आपण कोणत्या मापाने मोजत आहोत हे आधी समजून घ्यावे, कारण मापे एकमेकांत बदलता येत नाहीत. चित्रपटांची माहिती देणाऱ्या आयएमडीबी या संकेतस्थळावर प्रेक्षक १ ते १० गुण देतात आणि तिथे दिसणारा आकडा साध्या सरासरीचा नसून भारित सरासरीचा, म्हणजे सर्व मतांना सारखे वजन न देता काढलेल्या सरासरीचा असतो. पाहिलेल्या चित्रपटांची नोंद ठेवण्यासाठी २०११ मध्ये सुरू झालेल्या लेटरबॉक्स्ड या संकेतस्थळावर अर्ध्या ताऱ्यापासून पाच ताऱ्यांपर्यंत अर्ध्या-अर्ध्याने चढत जाणारी श्रेणी आहे. नेटफ्लिक्सने २०१७ मध्ये तारे काढून अंगठ्याची खूण आणली, त्यामुळे तिथे ‘किती आवडला’ याची जागा ‘आवडला की नाही’ या प्रश्नाने घेतली. सिनेमास्कोर ही अमेरिकी संस्था १९७९ पासून प्रदर्शनाच्या पहिल्या दिवशी चित्रपटगृहातून बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांकडून ए प्लस ते एफ अशी श्रेणी भरून घेते. पहिल्याच दिवशी धावत येणारा प्रेक्षक मुळात चित्रपट आवडावा म्हणून आलेला असतो. त्यामुळे तिथे बी ही श्रेणीदेखील थंड प्रतिसाद समजली जाते.

सर्वाधिक गैरसमज समीक्षकांची मते एकत्र करणाऱ्या रॉटन टोमॅटोज या संकेतस्थळाच्या टक्केवारीबद्दल आहे. तिथली समीक्षकांची टक्केवारी किती जणांचे मत अनुकूल होते एवढेच सांगते. ते किती अनुकूल होते हे ती सांगत नाही. दहा समीक्षकांनी एका चित्रपटाला दहापैकी सहा गुण दिले आणि ते सर्व अनुकूल धरले गेले, तर टक्केवारी १०० होईल आणि सरासरी ६ राहील. दुसऱ्या चित्रपटाला सहा जणांनी दहापैकी दहा आणि चौघांनी चार दिले, तर टक्केवारी ६० आणि सरासरी ७.६ होईल. पहिला चित्रपट कोणालाही न दुखावणारा, दुसरा प्रेक्षकांत दोन तट पाडणारा. टक्केवारी पाहून पहिला श्रेष्ठ ठरवणे चूक आहे. मेटाक्रिटिक हे तशाच प्रकारचे दुसरे संकेतस्थळ समीक्षकांच्या मतांना ० ते १०० मधील गुण देऊन त्यांची भारित सरासरी काढते, म्हणून त्या दोन संकेतस्थळांवर एकाच चित्रपटाचे आकडे दूर पडलेले दिसतात.

स्वतःची श्रेणी बांधण्याची रीत अशी. सुरुवातीला पाच टप्पेच ठेवावेत. दहा टप्प्यांत सहा आणि सात यांमधला फरक नवोदिताला सांगता येत नाही. पूर्वी पाहिलेल्या आणि नीट आठवणाऱ्या चित्रपटांमधून प्रत्येक टप्प्यासाठी एकेक प्रतिनिधी निवडावा. पाच ताऱ्यांचा प्रतिनिधी म्हणजे जो पुन्हा पुन्हा पाहावासा वाटतो आणि दर वेळी नवे काही दाखवतो तो. तीन ताऱ्यांचा म्हणजे ज्यात दोष आहेत पण वेळ वाया गेला असे वाटत नाही तो. एका ताऱ्याचा म्हणजे जो संपण्याची वाट पाहिली तो. नवा चित्रपट पाहिला की ‘याला किती द्यावेत’ असे न विचारता ‘हा माझ्या तीनवाल्या चित्रपटापेक्षा सरस आहे का’ असे विचारावे. दोन चित्रपटांची तुलना करणे हे हवेत आकडा ठरवण्यापेक्षा मनाला कितीतरी सोपे जाते, आणि त्यातून मिळणारे गुण महिन्याभरानंतरही टिकतात. अर्ध्या ताऱ्याची गरज भासू लागली की मगच तो वापरावा.

बहुतेक नवे लोक श्रेणीचा वरचा अर्धाच भाग वापरतात. दहापैकी सात म्हणजे सामान्य, आठ म्हणजे बरा आणि सहा म्हणजे टाकाऊ असे होऊन बसते, आणि खरोखर उत्तम चित्रपट आला की वर जागाच उरत नाही. दोन-तीन महिन्यांनी स्वतःच्या गुणांची मोजदाद करावी. अर्ध्याहून अधिक चित्रपट एकाच टप्प्यावर साचलेले दिसले तर प्रतिनिधी चित्रपट बदलावेत. अर्थात, माणूस आवडेल असे वाटणारे चित्रपटच निवडून पाहतो, त्यामुळे सगळे टप्पे सारखे भरतील अशी अपेक्षाही धरू नये.

विनोदी चित्रपटाला गंभीर चित्रपटाशी एकाच मापाने तोलावे का, हा प्रश्न इथे हमखास येतो. चित्रपटाने स्वतः जे करायचे ठरवले ते किती साधले, हा निकष खालच्या आणि मधल्या टप्प्यांसाठी पुरेसा आहे. भयपटाने घाबरवले नाही तर त्यातील कौटुंबिक नात्यांचे चित्रण त्याला वाचवू शकत नाही. सर्वांत वरच्या टप्प्यासाठी मात्र प्रकाराची सवलत देऊ नये, असे मला वाटते. हा नियम ज्याला पटणार नाही त्याने वेगळा करावा. तो एकच नियम सर्व चित्रपटांना लावला म्हणजे झाले.

सरासरी वर किंवा खाली ओढण्यासाठी गुण देणे हा प्रकार लोकप्रिय आहे आणि निरर्थक आहे. पन्नास जणांची सरासरी ८ असताना एखाद्याने रागाने १ दिला तर सरासरी ७.८६ होते, त्याच्या मनातला खरा आकडा ५ असता तर ती ७.९४ झाली असती. म्हणजे खोटे गुण देऊन मिळवले ०.०८, आणि स्वतःची नोंद मात्र कायमची बिघडली. न पाहिलेल्या चित्रपटाला गुण देण्याविषयी वेगळे काही सांगण्याची गरज नसावी.

अडचणीच्या काही जागा

अर्धवट सोडलेल्या चित्रपटाबद्दल मत लिहिता येते, गुण देता येत नाहीत. कुठे सोडला आणि का, हे दोन वाक्यांत लिहिले तर ते वाचकाच्या उपयोगी पडते. लहान मुलांच्या चित्रपटावर लिहिताना सोबत मूल असेल तर ते कुठे हसले आणि कुठे चुळबुळले हे नोंदवावे, कारण चित्रपट त्याच्यासाठी केला होता. माहितीपटाच्या बाबतीत विषयाचे महत्त्व आणि चित्रपटाची गुणवत्ता या गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. मोलाच्या विषयावरचा ढिसाळ माहितीपट ढिसाळच असतो. साहित्यकृतीवर आधारलेला चित्रपट असेल आणि मूळ कृती वाचलेली असेल तर तसे सांगावे, कारण वाचलेला आणि न वाचलेला प्रेक्षक पडद्यावर दोन वेगळे चित्रपट पाहत असतात. आवडत्या कलाकाराच्या बाबतीत तटस्थपणाचा आव आणू नये. ‘यांचा एकही चित्रपट मी चुकवत नाही’ एवढे लिहिले की वाचक त्या मताचे वजन स्वतः ठरवतो. जुन्या चित्रपटांचा अभिनय किंवा वेग आजच्या सवयीला परका वाटला तर तसेच लिहावे, परंतु त्याच काळातले आणखी दोन-तीन चित्रपट पाहिल्याशिवाय तो दोष त्या एका चित्रपटाचा धरू नये.

मतभेद आणि दुरुस्ती

कोणी आपल्या मताला विरोध केला तर आधी तो कशाला आहे ते पाहावे. ‘त्या प्रसंगात बहीण रागावलेली नाही, घाबरलेली आहे’ असे कोणी म्हणाले तर तो प्रसंग पुन्हा पाहून उत्तर देता येते, आणि असा वाद दोघांनाही काही देऊन जातो. ‘पाचपैकी दोनच कसे दिले’ या प्रश्नावर मात्र लिहिलेल्या कारणांकडे बोट दाखवून थांबावे. दुसऱ्याच्या आवडीवर शेरे मारू नयेत; चित्रपटातील प्रसंगांवर हवे तितके भांडावे.

चित्रपट दुसऱ्यांदा पाहिल्यावर मत बदलले तर जुनी नोंद पुसू नये. तिच्याखाली नव्या तारखेसह नवे मत आणि नवे गुण लिहावेत, आणि काय बदलले हे एका ओळीत सांगावे: पहिल्यांदा न दिसलेला दुवा सापडला, रहस्य ठाऊक असल्यामुळे पकड सुटली, की या वेळी मूळ भाषेत पाहिला. गुणांच्या मोजदादीत मात्र ताजा आकडाच धरावा, नाहीतर एकच चित्रपट दोन टप्प्यांत मोजला जातो.